रद्दीची लग्नपत्रिका

साखरपुड्याच्या पंगतीत माणसानं तोंड जेवण्यापुरतंच उघडावं, असं कमळताईंनी मुरबाडला जाताना रघूभाऊंना बजावून सांगितलं होतं. रघूभाऊंनी ते ऐकलंही होतं. पण ज्याचा जन्म पंचायत समितीच्या कचेरीत गेला, तो माणूस ऐकणं आणि अंमलबजावणी ही दोन वेगळी टेबलं आहेत असंच धरून चालतो. जिलेबीची फेरी आली, रघूभाऊंनी तोंड उघडलं, आणि पुढचं सगळं झालं.

झालं असं, की व्याही सावळाराम पष्टे यांचा मुरबाडात छापखाना. आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, वास्तुशांती आणि दहावे त्यांच्याच हातून कागदावर उतरतात. ते मोठ्या प्रेमानं म्हणाले, "पत्रिका आमच्याकडं लागल्या. वरती मोर, पिसाऱ्यात नवरानवरी, आनि उघडली का सनई वाजती." आता सनई वाजवणारी पत्रिका रघूभाऊंना मानवणं शक्यच नव्हतं. कागदाबद्दल त्यांची काही ठाम मतं आहेत. आलेल्या पाकिटाची आतली बाजू वापरल्याशिवाय ते पाकीट टाकत नाहीत, आणि वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला देणं म्हणजे त्यांना घरातलं माणूस घराबाहेर काढण्यासारखं वाटतं. त्यामुळे शहापूरच्या त्यांच्या घराचा माळा वर्तमानपत्रांनी असा गच्च भरला होता, की खाली झोपणाऱ्याला देशाच्या परिस्थितीचं खरोखर दडपण येई. असा माणूस सनई ऐकून गप्प कसा बसेल? ते म्हणाले, "पत्रिकेचा कागद मी करणार. घरच्या रद्दीचा. हातानं."

सावळाराम हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, छापखानेवाला कागदाच्या बाबतीत हसेल तितकंच हसले. "करा की व्याही! पन येक सांगतो. रद्दीचा कागद मी पायलाय. करडा व्हतो तो. आमच्याकडं करड्या कागदावर दहाव्याचं छापतात. तसली पत्रिका घेऊन गेलात, तर लोक आधी इचारतील, कोन गेला?"

सगळी पंगत खो खो हसली. रघूभाऊंचा चेहरा उतरला. हातातली जिलेबी पाक गाळत तशीच राहिली. 'गंमत केली हो' असं म्हणून माघार घ्यायला त्यांनी घसासुद्धा खाकरला होता. तेवढ्यात माजघराच्या दारातून नवरी मुलगी, निशिगंधा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "आमचे बाबा करतील. आणि पांढराच करतील."

"आनि नाय झाला तर?" सावळारामांनी विचारलं.

"तर तुमचा मोर छापू. सनईसकट."

नवरा मुलगा प्रणित खाली मान घालून हसला. कमळताईंनी कपाळाला हात लावला. आणि रघूभाऊंनी जिलेबी पानात ठेवून दिली. पोरीनं सासरच्या घरात उच्चारलेला हा पहिला शब्द, आणि तो आता बापाच्या हातात होता. तो पडला असता तर जन्मभर प्रत्येक बोलण्यावर तिला मोराची आठवण करून दिली गेली असती. माणसं वाईट नसतात, पण सासर ते सासर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रघूभाऊ माळ्यावर चढले. पहिला गठ्ठा पिंपात भिजत पडला. भिजला, फुगला, आणि त्याचा लगदा करायला कमळताईंचा मिक्सर खाली आला. मिक्सरनं अग्रलेखापर्यंत साथ दिली. पुढे त्याला क्रीडा पान झेपलं नाही. धूर आला, घरघर झाली, आणि कमळताई हळद वाटायच्या राहिल्या त्या राहिल्याच. तरी जेवढा लगदा झाला तेवढा रघूभाऊंनी खिडकीच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकून तिच्यावर गाळला, जुन्या धोतरावर उलटा केला आणि वर पाटा ठेवला. संध्याकाळी पाटा उचलला. कागद झाला होता, यात शंका नाही. पण तो असा करडा होता, की कमळताईंनी नकळत विचारलं, "अवो, कोन गेलं?"

शहापुरात सल्ला मागावा लागत नाही, नुसतं पिंप अंगणात ठेवावं लागतं. येणारा जाणारा थांबायचा, लगद्यात बोट बुडवायचा आणि मत द्यायचा. कुणी म्हणालं उन्हात ठेवा, कुणी म्हणालं ताक घाला. सापगावच्या एका परिचितांनी, आमच्या बैलाच्या शिंगांना लावतात तो पांढरा रंगच फासा ना, असं सुचवलं. सगळ्यात भरीव सल्ला शेजारच्या चंदावहिनींचा. "रघूभाऊ, नीळ घाला. आमच्या ह्यांचं बनियन बगा कसं लखलखतं." रघूभाऊंनी तार्किक विचार केला. नीळ कपड्याला पांढरं करते, कागद पूर्वी कापडाचाच करत, तेव्हा नीळ घालण्यास हरकत नसावी. नीळ घातली. कागद निळसर करडा झाला. बनियनाचं जाऊ द्या, पण तो कागद कोणत्याही धर्मात शुभकार्याला चालला नसता.

मग त्यांनी ब्लीचिंग पावडरला हात घातला. ती त्यांनी जुन्या ओळखीतून आणली. कुठून, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि आपणही खोलात जायला नको. पिंपात पावडर पडली तशी सगळ्या आळीला टँकरच्या पाण्याचा वास सुटला. चंदावहिनी शिंकून शिंकून बेजार झाल्या. रघूभाऊ नाकाला उपरणं बांधून दिवसभर ढवळत बसले. संध्याकाळी पाहतात तर त्यांच्या निळ्या पँटवर गुडघ्यापर्यंत पांढरेशुभ्र ठिपके उठलेले, आणि पिंपातला लगदा मात्र पिवळट होऊन वर पुन्हा करडाच. जे पांढरं व्हायला नको होतं तेवढं नेमकं झालं होतं. कमळताई म्हणाल्या, "कोळसा उगाळावा तितका काळाच. सोडा आता. मोर काय वाईट नाय."

रघूभाऊंना हे लागलं. ते ठिपक्यांच्या पँटवरच पायरीवर बसून राहिले. निशिगंधा कामावरून आली, ती त्यांच्या शेजारी बसली. पोरगी रसायनशास्त्र शिकलेली, औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करणारी. इतके दिवस ती गप्प होती, कारण बाबांना मधेच शिकवलेलं आवडत नाही हे तिला माहीत होतं.

"बाबा, पेपरची शाई म्हणजे काय? काजळी आणि तेल. काजळीला ब्लीच काय करणार? काजळ कधी गोरं होतं का?"

"मग काय करायचं?"

"गोरं नाय करायचं. उचलून बाहेर काढायचं. साबण आणि धुण्याचा सोडा घातला का शाई कागदापासून सुटते आणि फेसाला चिकटते. फेस वर आला का तो काढून टाकायचा. राहिला तो कागद. मग त्याला ब्लीच."

रघूभाऊंनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला साधारण हाच अंदाज होता." बाप आहेत शेवटी.

आता फेस पाहिजे म्हणजे घुसळण पाहिजे, आणि घुसळण म्हटलं की रघूभाऊंची नजर कुठं गेली असेल ते सांगायला नको. कमळताई धुण्याच्या मशीनपुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. मिक्सर गेला तो गेला, ह्याला हात लावायचा नाय. मग निशिगंधानं आईच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे, पण कमळताई बाजूला झाल्या, एवढंच नव्हे, स्वयंपाकघरातून झारा घेऊन आल्या. "फेस मी काढनार. तुमच्या हातनं वरनाचा फेस कदी निघाला नाय, शाईचा काय निघनार?"

आणि काय सांगावं महाराज, त्या मशीनमधून जो फेस वर आला! काळाकुट्ट, मऊ, चमकणारा. कमळताई झारा फिरवत होत्या आणि खालचा लगदा डोळ्यांदेखत उजळत होता. आयुष्यभर तुरीच्या डाळीवरचा फेस काढून जो हात तयार झाला होता, त्यानं एक करडा ठिपका मागे ठेवला नाही. रघूभाऊंनी लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायकोकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. त्या पाहण्यात त्यांचं फेस कुठं जातोय तिकडे लक्ष राहिलं नाही.

फेस गटारात जात होता. गटार चंदावहिनींच्या दारावरून जात होतं. तिथं त्या काळ्या फेसाला मोकळी हवा मिळाली आणि तो वाढला. पायरीएवढा झाला, ओट्यावर चढला, चंदावहिनींच्या तुळशीपर्यंत पोचला. चंदावहिनींनी आरडाओरडा केला, कुणीतरी फोन केला, आणि स्वच्छतेच्या कचेरीतून विपुल धानके नावाचा तरुण अधिकारी मोटारसायकलवर हजर झाला. त्यानं फेस पाहिला, मशीन पाहिलं, झारा घेतलेल्या कमळताई पाहिल्या, आणि विचारलं, "कारखाना कोणाच्या नावावर आहे?"

"कारखाना नाही. घर आहे," रघूभाऊ म्हणाले.

"मग हे सांडपाणी घरगुती का औद्योगिक?"

"लग्नाचं आहे."

"तसा रकाना नाय काका. लेखी खुलासा द्या."

खुलासा! ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याकडून खुलासे मागवले, 'समाधानकारक नाही' असा शेरा मारून ते परत पाठवले, त्याच्याकडे कालच्या पोरानं खुलासा मागावा? रघूभाऊ आत गेले. टेबलाशी बसले. आणि त्यांनी असा खुलासा लिहिला, की तो वाचून धानके उभाच राहिला. 'सदरहू फेस हा कपडे धुण्याच्या यंत्रात धुण्याच्या साबणाने धुण्याच्या सोड्यासह निर्माण झालेला असून, धुतलेली वस्तू कपडा नसून वर्तमानपत्र आहे, एवढाच काय तो फरक होय.' धानकेनं तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "काका, हा मी फाइलला नाय लावत. शिकायला ठेवतो." फेस बादलीत भरून परसातल्या खड्ड्यात टाकायचं ठरलं. जाता जाता त्यानं थोडा वेळ झाराही फिरवून पाहिला. कमळताईंनी तो लगेच काढून घेतला.

राहिलं शेवटचं ब्लीच. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाहिजे, असं निशिगंधाचं फर्मान. तिची मैत्रीण योगिनी ब्यूटी पार्लर चालवते, तिच्याकडे ते केसांसाठी असतं. रघूभाऊ स्वतः गेले. आत चेहऱ्यांना लेप फासून बसलेल्या बायकांनी डोळे उघडले आणि त्यांच्या टकलाकडे पाहिलं. "काका, कोणासाठी पायजे?" योगिनीनं विचारलं. "कागदासाठी," ते म्हणाले. लेपाखालून कुणीतरी फिसकन हसलं. रघूभाऊ बाटल्या काखेत मारून ताठ मानेनं बाहेर पडले, आणि ती मान घरी येईपर्यंत त्यांनी खाली होऊ दिली नाही.

पेरॉक्साइड पडलं, जोडीला पुन्हा थोडा सोडा पडला, छापताना शाई पसरू नये म्हणून कमळताईंनी भाताची पेज ओतली. लगदा चौकटीवर गाळला, धोतरावर उतरला, पाट्याखाली दबला, गच्चीत वाळला. दुपारी रघूभाऊ वर गेले आणि तिथंच थांबले. कागद पांढरा होता. दुकानातल्यासारखा डोळ्यांत भरणारा नव्हे, दुधावरच्या सायीचा पांढरा. घोटाळे, अपघात, भविष्य, कोडी, पावसाचे चुकलेले अंदाज, सगळं सगळं त्यातून निघून गेलं होतं. मी तो कागद हातात घेतलेला आहे, म्हणून सांगतो, कागद चिवट होताच, पण एवढा चिवट माणूस मी पाहिला नाही. मिक्सर गेला, पँट गेली, आळीत शोभा झाली, पार्लरमध्ये हसं झालं, आणि हा गडी पुन्हा पिंपाशी जाऊन बसायचा. रघूभाऊंनी खाली हाक मारली, "अगो, वर या दोघी!" आणि एरवी 'अगो' न म्हणणाऱ्या माणसाचा आवाज ऐकून दोघी जिन्यावरून धावतच वर गेल्या.

सावळारामांनी मुरबाडात तो कागद उजेडात धरला, बोटांत चोळला, कानाशी नेऊन वाजवला. मग म्हणाले, "कागद हाय." छापखानेवाल्याच्या तोंडून यापलीकडे स्तुती निघत नाही. त्यांनी एकच पत्रिका छापली. आमच्याकडची रीत अशी, की पहिली पत्रिका गावदेवीला, तिच्या चारी कोपऱ्यांना ओली हळद लावून. देवीनं ठेवून घेतली की मग बाकीच्या माणसांना.

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाजवळ रघूभाऊंचं मूळ गाव. देवळात दोन्ही घरची माणसं जमली. हळद लावायचा मान घरातल्या वडीलधाऱ्या तानीआत्यांचा. आत्यांनी बोट बुडवलं, पहिल्या कोपऱ्याला लावलं, दुसऱ्याला लावलं, आणि तिसऱ्याला लावायच्या आधीच पहिला कोपरा लाल झाला. लालभडक. मग दुसरा.

"रगत!" मागून कुणीतरी म्हणालं. सावळारामांचा चेहरा पांढरा पडला, कागदापेक्षा जास्त. "मी बोललो व्हतो," ते पुटपुटले, "घरच्या कागदाचं खूळ नको."

तानीआत्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, हुंगली, आणि एकदम कपाळाला लावली. "रगत कसलं रे मुडद्यांनो! हळदीचं कुकू झालं! आमी हळदीत चुना घालून कुकू करायचो, तवा किती खटपट. इथं चुना कुठंय? देवीनं सोताच्या हातानं पोरीला कुकू लावलं!"

मग काय विचारता. बायकांनी पदर पसरले, घंटा घणघणू लागली. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, हे तिथल्या प्रत्येक बाईनं आपल्या हातानं धुऊन पाहिलेलं होतं. पण धुण्याच्या दगडावर कळलेलं देवळात आठवत नाही. कमळताई, ज्यांनी सोडा स्वतः मोजून घातला होता, त्यांनी सर्वांच्या आधी हात जोडले.

रघूभाऊंची मात्र पंचाईत झाली. गप्प बसावं, तर इतक्या दिवसांच्या मेहनतीचं श्रेय देवीला जातं. बोलावं, तर कागद नीट खळबळला नाही, सोडा आत राहिला, हे कबूल करावं लागतं, आणि तेही व्याह्यांसमोर. कोणत्याही बाजूनं हात दगडाखालीच. पण कचेरीत खोटा शेरा कधी न मारलेला माणूस तो. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आत्या, हा चमत्कार नाय. धुण्याचा सोडा हाय. कागद शेवटच्या पाण्यातून बरोबर काढला नाय, ही चूक माझी."

"मंग सोड्याला लाल व्हायची बुद्धी कोनी दिली रे रघ्या?" तानीआत्यांनी विचारलं.

बापाला एकटं पडलेलं पाहून निशिगंधा पुढं झाली. देवीपुढचं लिंबू उचललं, कापलं, आणि म्हणाली, "बाबा खरं बोलतायत. हे बघा." लाल कोपऱ्यावर तिनं लिंबू पिळलं. कोपरा पुन्हा पिवळा झाला.

झाली चूक ती इथं. माणसं पुरावा बघून खजील होतील असं तिला वाटलं असावं. माणसं तिच्या पायाशी वाकली. जी देवी हळदीचं कुंकू करते तिच्या पुढ्यात कुंकवाची परत हळद करणारी पोरगी साधी कशी असेल? खुद्द सावळारामांनी हात जोडले. "सूनबाई, माफ करा. मोराचं बोललो ते इसरा."

"आबा, हात नका जोडू. लिंबू आहे हो ते!"

"तुमी म्हनाल तसं," सावळाराम म्हणाले, आणि रघूभाऊंकडे वळले. "व्याही, आमच्या बाजूच्या पत्रिकाबी ह्याच कागदावर."

रघूभाऊंचा ऊर भरून आला. "करतो. आता चांगला खळबळून, सोडा पार काढून..."

"खळबळू नका!" सावळाराम ओरडले. "हाय तसाच पायजे!"

आता बघा, जो कागद आपण शेवटी बिनचूक करू शकतो, तो मुद्दाम चुकीचा करायचा, यापरता कारागिराचा अपमान नाही. रघूभाऊंनी अट घातली. पत्रिकेत खाली टीप छापायची. सावळारामांनी पुष्कळ विनवलं, लग्नाच्या पत्रिकेत सोडा कोण लिहितं हो, पण निशिगंधा म्हणाली, "बाबांनी लिवलंय ते छापायचं," आणि तिचा शब्द मोडायची आता पष्ट्यांच्या घरात कुणाची छाती नव्हती. त्यामुळे 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' याच्या बरोबर खाली ती छापून आली : 'टीप. प्रस्तुत कागद वधूपित्याने जुन्या वर्तमानपत्रांपासून घरी तयार केलेला आहे. हळद लाल झाल्यास तो धुण्याच्या सोड्याचा परिणाम समजावा.'

चंदावहिनींनी टीप मोठ्यानं वाचली आणि पत्रिका देवघरात ठेवली. ज्यांना ज्यांना मिळाली त्या सगळ्यांनी तेच केलं. रद्दीत एकही गेली नाही.

हळदीच्या दिवशी मांडवात गडबड चाललेली असताना रघूभाऊ परसात एकटेच पिंपाशी उभे होते. निशिगंधा त्यांना शोधत आली. तोंडाला, हाताला, पायांना हळद लागलेली.

"निशे, एक विचारू? मुरबाडला तू बोललीस, तेव्हा तुला वाटलं होतं मला जमेल?"

"नाय."

"नाय?"

"जराही नाय. पण सगळे हसले तेव्हा तुमचा चेहरा उतरला, तो मला बघवेना. म्हणून बोलून गेले. तुमी कशाला एवढे राबलात?"

"तू बोललीस म्हणून! मी तर त्याच पंगतीत माघार घेणार होतो. घसा खाकरला होता मी!"

म्हणजे लेकीचा बापावर विश्वास नव्हता, बापाचा स्वतःवर नव्हता, आणि एकमेकांची लाज राखण्यापायी दोघांनी मिळून काजळ गोरं करून दाखवलं होतं. निशिगंधा आधी हसली, मग रडायला लागली. रघूभाऊंनी तिला जवळ घेतलं. कमळताई मांडवातून ओरडल्या, "अवो, सदरा!" नवा कोरा पांढरा सदरा छातीपासून खाली पार पिवळा झाला, आणि पांढऱ्या रंगासाठी एवढी वणवण केलेल्या त्या माणसानं एकदाही खाली पाहिलं नाही.